दशम्या न बांधता

शेतकऱ्याच्या घरातली बाई गाव सोडून बाहेर पडते ती तीनच कारणांनी. माहेरी, दवाखान्यात, नाहीतर देवाला. माहेरी जाताना भावाच्या लेकरांसाठी काहीतरी करून न्यायचे, दवाखान्यात आजाऱ्याचा डबा न्यायचा, आणि देवाला जाताना तर गाडीभर माणसांच्या दशम्या आपणच थापायच्या. बाई कुठेही निघाली तरी तिची चूल तिच्या आधी गाडीत जाऊन बसते. तुमच्या घरी निराळे असेल तर आनंद आहे. पण बहुतेक घरी असेच असते, हे तुम्हीही मान्य कराल.

म्हणून २०२४ साली गौरी उठल्यावर माझा थोरला मुलगा म्हणाला, "आई, पाच दिवस गाडीनं फिरून येऊ. देव वाटेत लागला तर पाया पडू, पण निघायचं ते खायला," तेव्हा घरातली सगळी माणसे हसली. खायला म्हणून कोणी गाव सोडते का? पोरांच्या वडिलांनी विचारले, "घरी उपाशी ठेवलंय का तुझ्या आईला?" थोरला म्हणाला, "उपाशी न्हाई, पण ती जेवताना कुणी बघितलीय का?" त्यावर कोणी काही बोलले नाही. आमच्याकडे सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेले घेऊन मी चुलीपाशी बसते, ते कोणाच्या ध्यानात येत नाही. ते वावगेही कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हते.

थोरला पुण्याला कारखान्यात नोकरी करतो, धाकटा घरची शेती पाहतो. गाव आमचे तुळजापूर तालुक्यात. थोरल्याने जुनी चारचाकी घेतलेली आहे. त्याची अट एकच होती : घरून एकही दशमी बांधायची नाही. मी कबूल झाले. लसणाच्या चटणीची एक पुडी तेवढी पिशवीच्या तळाला टाकली. परक्या गावी भाजी कशी मिळेल कोणी सांगावे?

निघताना घरात एक प्रश्न अर्धवट राहिला होता. तो सांगितल्याशिवाय पुढचे तुम्हाला समजायचे नाही. आमच्या विहिरीपल्याड दोन एकर काळे रान आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्यात रब्बीची ज्वारी. पण सोयाबीन आले, आणि सहा वर्षे त्या रानात ज्वारीचे बी पडले नाही. भाकरीचे पीठही दुकानातून यायला लागले. त्या वर्षी उडीद निघून रान मोकळे झाले होते आणि बोअरला पाणी चांगले होते, तेव्हा धाकट्याच्या मनात ऊस आला. मी ज्वारी म्हणत होते. त्याचा हिशेब कागदावर होता. त्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये आणि सोयाबीनचा ४,८९२ रुपये होता. सोयाबीन मळून देणारे यंत्र बांधावर येते. ज्वारीला काढायला, बांधायला, खुडायला माणसे लागतात, आणि पाखरे राखायला वेगळी. ऊस एकदा लावला की कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. त्याचे काय चुकत होते? मला उत्तर देता येत नव्हते. मला फक्त मागची येळवस आठवत होती.

आपल्या जिल्ह्यात आणि लातूर-सोलापूरकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस करतात, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. त्या दिवशी उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच पांडव मांडतात, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा नैवेद्य दाखवून सगळ्या गोतावळ्याने रानात जेवायचे असते. मागच्या येळवशीला आमची कोप हरभऱ्यात उभी होती, आणि तिच्या पेंढ्या आम्ही विकत आणल्या होत्या. शेतकऱ्याने पांडवांना विकतच्या कडब्यात बसवले, हे माझ्या मनातून जात नव्हते.

असे ते भांडण घरी ठेवून आम्ही निघालो. तुळजापूरला भवानीला हात जोडले, घाट उतरलो, आणि तासाभरात सोलापूर.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. आता गिरण्यांचे भोंगे नाहीत, पण गिरणीवर आलेल्या माणसांची मराठी, कानडी, तेलुगू अशी तिन्ही घरे तिथे नांदतात, आणि तिघांच्या ताटात एक गोष्ट सारखी आहे : ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. एका खाणावळीत बसलो. थोरल्याने विचारले, "आई, काय घेऊ? तुला काय आवडतं?" मी म्हणाले, "तुला आवडतं ते माग." तो म्हणाला, "मी तुला विचारलं." खरे सांगते, मला उत्तर सुचले नाही. कोणाला वांगे चालत नाही, कोणाला तिखट सोसत नाही, कोणाला भाकरीचा पापुद्रा लागतो, सगळ्या घराची आवड मला पाठ. माझीच तेवढी मला ठाऊक नव्हती. शेवटी वाढप्यानेच कडक भाकरी, चटणी, दही आणि शेंगाची पोळी आणून ठेवली.

शेंगाची चटणी आपणही करतो. पण सोलापूरची चटणी ओलसर, तेलाने चमकणारी असते, आणि त्यात वरून तेल घातलेले नसते. भाजलेले दाणे, तिखट, लसूण, जिरे, मीठ उखळात घालून कांडत राहिले की दाण्याचे अंगचेच तेल सुटते. मिक्सरमध्ये फिरवले की नुसता भुगा होतो. चव उखळाच्या घावात आहे.

जेवण झाल्यावर खाणावळवाल्याने आम्हाला जवळच्या गल्लीत पाठवले. तिथे बचत गटाच्या दहा-बारा बायका एका खोलीत कडक भाकऱ्या करत होत्या. भाकरी कागदासारखी पातळ. तव्यावर शेकून झाली की मंद आचेवर ठेवून, फडक्याने दाबत दाबत तिच्यातला ओलावा काढून टाकायचा. ओल राहिली तर भाकरी वाकते आणि बुरशी धरते. ओल गेली तर महिना-दोन महिने टिकते. मी बाजूला उभी राहून पाहत होते. एक बाई म्हणाली, "काकू, तुमचा हात बसलेला दिसतोय, घ्या एक उंडा." मी बसले. पाच भाकऱ्या केल्या, एकीलाही चीर गेली नाही. त्या भाकऱ्या पुण्या-मुंबईला जातात. पाकिटाचा भाव ऐकून मी मनात पायलीचा हिशेब केला, आणि थोरल्याकडे पाहिले. त्यानेही तोच हिशेब केला होता. तो म्हणाला, "आई, पुण्यात आमच्या खोलीवर हेच पाकीट येतं." मी विचारले, "ज्वारी कुठली घेता?" बाई म्हणाली, "मंगळवेढ्याची, न्हाईतर बार्शीच्या बाजारातली. दुसऱ्या पिठाला चिकटपणा न्हाई."

चिकटपणाची गोष्ट तुम्हा सगळ्या भगिनींना माहीत आहे. गव्हाच्या पिठासारखा ज्वारीला ताण नसतो. गरम पाण्याने पीठ मळले की तेवढ्यापुरती त्याला जिगट येते. ज्वारी जुनी झाली, पीठ शिळे झाले की ती जाते आणि भाकरी कडेने फाटते. मी दहा वर्षांची असताना १९७२ चा दुष्काळ पडला. माझे वडील खडी फोडायच्या कामावर जात. तेव्हा रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची आणि कामावर लेकरांना सुकडी. त्या मिलोची भाकरी थापताना माझ्या आईच्या हाताखाली चिरायची, आणि आई म्हणायची, परक्या रानाचं पीठ आपला हात वळखत न्हाई. त्या मिलोने आम्हाला जगवले, तिला नावे ठेवणार नाही. पण घरच्या ज्वारीची किंमत मला त्या वर्षी कळली.

सोलापुरात मावसबहिणीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही मंगळवेढ्याला गेलो. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांना उघडी करून दिली आणि विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बिदरला जाऊन त्याचे पैसे भरले, ती कथा याच गावची. आज तिथल्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. मालदांडी आपल्याकडेही तीच. एम ३५-१ हे वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात देशी मालदांडीतूनच निवडलेले. मग मंगळवेढ्यात निराळे काय? तिथल्या एका शेतकऱ्याने सांगितले ते मला पटले : "रान खोल आहे, ताई. उत्तरा-हस्ताच्या पावसानं रान एकदा भरलं की आम्ही पेरतो. मग वरून पाणी न्हाई, खत न्हाई. खालची ओल आणि वरची थंडी, एवढ्यावर पीक येतं."

गावाबाहेर रस्त्याला लागून एक छोटे जेवणघर होते. नवरा वाढत होता, बायको चुलीवर भाकरी करत होती. आम्ही चुलीसमोरच बसलो. तिने भाकरी तव्यावरून काढली, निखाऱ्याला लावली, ती टम्म फुगली, आणि तिने ती तशीच माझ्या ताटात टाकली. वर पिठले, कांदा, ठेचा. पापुद्रा मोडला तर आतून वाफ आली. वाचकहो, माझ्या लग्नाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. दिवसाला वीस धरल्या तरी सव्वातीन लाखांच्या वर भाकऱ्या मी केल्या. पण तव्यावरची भाकरी तव्यावरूनच माझ्या ताटात कोणी वाढली, असे माहेर सुटल्यापासून मला आठवेना. दुसरी आली, तिसरी आली. मी चार खाल्ल्या. ती बाई म्हणाली, "अजून घ्या, गरम हाय तवर." थोरला काही बोलला नाही. त्याने स्वतःचे ताट बाजूला सारले आणि माझ्याकडे बघत राहिला. मग मीच म्हणाले, "तू काल इचारलंस ना काय आवडतं? हे आवडतं. गरम भाकरी."

तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. मलाही लहानच वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

पुढे सांगोल्यावरून मिरजेला गेलो. मिरज म्हटले की आमच्या पिढीला छोटी गाडी आठवते. कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरपर्यंत जाणारी ती रेल्वे. पण थोरल्याने मिरजेत मला दुसरीच आठवण दिली. २०१६ च्या एप्रिलात याच मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेच्या टाक्यांत भरून लातूरला नेले होते. आपल्याकडची जुनी माणसे म्हणतात, बहात्तरला पाणी होते पण दाणा नव्हता, आणि पुढच्या दुष्काळांत दाणा होता पण पाणी नव्हते. थोरला म्हणाला, "आई, धाकट्याला हे सांगून पटायचं न्हाई. पण ऊस वर्षभर रानात उभा राहतो. बोअर एक वर्ष साथ देईल, दुसऱ्या वर्षी?" मी म्हणाले, "त्याला उपदेश नको. त्यानं वर्षभर रानात राबायचं आणि आपण गाडीत बसून शहाणपण सांगायचं, हे बरोबर न्हाई." मिरज-सांगलीकडे कृष्णा-वारणेचे पाणी आहे, तिथे ऊस शोभतो. आपले रान वेगळे आहे, एवढेच मी मनात धरून ठेवले.

सांगलीत भडंग खाल्ला. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण आणि तिखट. चहाबरोबर बरा लागतो. पण सांगलीत मला पाहायची होती ती हळद. हळदीची एवढी मोठी पेठ दुसरी मी पाहिली नाही. जवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवे होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोली, तोंड अरुंद आणि पोट मोठे. हवा नसते म्हणून कीड लागत नाही, आणि माल वर्षानुवर्षे राहतो. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. मी थोरल्याला सांगितले, आपल्या गावातही वाड्यापुढे पेव होते, फक्त हळदीऐवजी ज्वारीचे. ते उघडले की लगेच आत उतरायचे नाही. आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर आतली हवा विषारी, माणूस गुदमरतो. थोरल्याला हे ठाऊक नव्हते. पस्तीस वर्षांचा मुलगा आणि गावातल्या पेवाबद्दल पहिल्यांदा ऐकतो, तेही सांगलीत. घरी असतो तर मी कधी सांगितले असते? घरी बोलणे होते ते गाईच्या धारेचे आणि विजेच्या वेळेचे.

कोल्हापुरात पहिल्यांदा अंबाबाईचे दर्शन घेतले. तुळजाभवानी आणि अंबाबाई, दोघींच्या गावांमधला रस्ता बायकांच्या पायांखालचाच आहे. मग एका खाणावळीत तांबडा आणि पांढरा रस्सा. तांबडा आपल्याला समजतो : कांदा, लसूण, खोबरे, मिरची. पांढरा मात्र मी तीन वाट्या प्यायले तेव्हा उमजला. मटणाचे पाणी, नारळाचे दूध, खसखस, तीळ, आणि मिरपुडीचा मागून येणारा तिखटपणा. हळद नाही, लाल तिखट नाही. रस्सा मागाल तितका वाढतात, त्याचे पैसे वेगळे घेत नाहीत, ही तिथली रीत मला फार आवडली.

थोरला म्हणाला, "तुझ्या येसराच्या आमटीसारखं न्हाई." मी त्याला म्हणाले, तुलना करू नकोस, दोन्ही आपापल्या जागी. नारळ, खसखस ज्याच्या दारात येते त्याने पांढरा रस्सा केला. आपल्याकडे काय होते? गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी, धने, जिरे, असेल तर थोडे खोबरे. ते भाजून, दळून बायकांनी येसर केला. मूठभर येसर पाण्यात पडला की दहा माणसांची आमटी दाट होते. भाजी नसली तरी कोरड्यास होते. ज्या बाईच्या घरात काही नव्हते तिने तो शोधून काढला, आणि तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मटणाचे म्हणाल तर आपली उस्मानाबादी शेळी त्यात कोणाला हार जाणारी नाही. काळी, काटक, जुळी करडे देणारी ती शेळी आज दूरदूरच्या गोठ्यांत आहे.

गुऱ्हाळे दसऱ्यानंतर सुरू होतात, त्यामुळे ती पाहता आली नाहीत. पण शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेतून गुळाची एक ढेप घेतली. सातारला कंदी पेढे घेतले. खवा जरा जास्त भाजलेला, म्हणून पेढा खमंग आणि टिकाऊ. तिथून फलटण, अकलूज, टेंभुर्णी करत बार्शीला आलो, आणि शेवटच्या दिवशी भूमची वाट धरली.

भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. जैनांचे मोठे सिद्धक्षेत्र. शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्या परिसरातला खवा आणि पेढा तुम्ही खाल्लाच असेल. आता त्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे. पाच दिवस परक्या गावांचे गोडधोड खाऊन झाल्यावर आम्ही आपल्याच जिल्ह्यातला पेढा खाल्ला. कौतुक म्हणून सांगत नाही, पण सातारचा पेढा खाऊन तोंड गोड झाले होते, आणि हा खाऊन दूध आठवले.

एका भट्टीवर थांबलो. म्हशीच्या चार-पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो. कढईतले दूध सतत हलवत राहायचे, हात थांबला की करपले. बालाघाटाच्या डोंगरातली ही गावे. बागायत कमी. पूर्वी इथले दूध शहरात पोचेपर्यंत नासायचे, म्हणून लोकांनी ते आटवून टिकाऊ केले. अडचणीतून धंदा निघाला तो असा. मी भट्टीवाल्याला विचारले, "दूध पहिल्यासारखं येतं का?" तो म्हणाला, "मावशी, म्हशी कमी झाल्या. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनचं गुळी जनावर तोंडानं शिवत न्हाई. विकतचा कडबा घालून दूध परवडत न्हाई."

धाकट्याच्या कागदावरच्या हिशेबात काय राहिले होते ते मला तिथे सापडले. त्याने ज्वारीचे दाणे धरले होते, कडबा धरला नव्हता. आमच्या गोठ्यात तेव्हा दोन म्हशी, एक गाय आणि बैलजोडी होती, आणि त्यांच्या वैरणीचे पैसे दर उन्हाळ्याला सोयाबीनच्या पट्टीतूनच जात होते. त्याशिवाय घरात येणारे पीठ विकतचे.

घरी आल्यावर मी धाकट्याला ऊस नको असे म्हटले नाही. पेढे दिले, गूळ दिला, आणि कागद मागितला. म्हटले, "ह्याच्यात वैरण लिही. पीठ लिही." त्याने लिहिले. बराच वेळ बसून आकडे मांडले. मग म्हणाला, "एक एकर करू. दुसरा एकर ऊस." पोरांच्या वडिलांनी मान हलवली. काढणीला माणसे मिळायची नाहीत, हे त्याचे म्हणणे खरेच होते. तेव्हा थोरल्याने फेब्रुवारीत आठ दिवस रजा काढून यायचे कबूल केले, आणि तो आला. दोन दिवसांत त्याच्या हाताला फोड आले ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षीच्या येळवशीला पेंढ्या उसन्याच आणाव्या लागल्या, पण कोप उभी राहिली ती आमच्या ज्वारीत. एकराला सहा क्विंटल ज्वारी झाली आणि साडेचारशे पेंढ्या कडबा. फार नाही. घर आठ माणसांचे, तेव्हा वर्षाची भाकरी त्यात पुरी झाली नाही, नऊ महिन्यांची झाली. पण पुढे काय झाले ते तुम्ही जाणता. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. परंडा, भूमकडे पुराने गावे वेढली, माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. आमच्याकडे तेवढे झाले नाही, पण सोयाबीन पाण्यात उभे राहून कुजले. हातात पैसा नव्हता. कणगीत ज्वारी होती, कडब्याची गंज होती. शेजारच्या दोन घरांनाही आमच्याकडून पायली-पायली गेली. वाफसा यायला उशीर झाला, तरी ऑक्टोबर सरता सरता धाकट्याने ज्वारी पेरली. एक एकर उसाशेजारी, आणि बांधापलीकडे सोयाबीन गेलेल्या रानात आणखी एक. मी त्याला सांगितले नव्हते.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. शहरातल्या माणसांना ज्वारी पचायला हलकी, साखरेच्या आजाराला बरी, असे डॉक्टर सांगतात आणि ते भाकरी मागू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण शहराने मागितली म्हणूनच ती पेरायची, आणि आपल्या ताटात मात्र दुकानातले पीठ, हे काही बरे नाही. सगळे रान ज्वारीला द्या असे मी म्हणणार नाही. ज्याचे कर्ज त्याला ठाऊक. पण आपले घर जे खाते आणि आपली जनावरे जे खातात, तेवढा तुकडा तरी आपल्या रानात असावा. हिशेब मांडताना वैरण आणि पीठ दोन्ही लिहा, आणि मग काय ते ठरवा.

दुसरे सांगणे घरातल्या कर्त्या मुलामुलींना. आईला, सासूला काशी-पंढरी दाखवा, जरूर दाखवा. पण एकदा नुसते खायला घेऊन जा. फार लांब जायला नको. एस. टी. ने सोलापूर गाठले तरी पुरे. मोठे हॉटेल शोधू नका. जिथे भाकरी समोर होते तिथे चुलीजवळ बसा. पदार्थात काय घातले आहे ते तिला ओळखू द्या, ती चुकायची नाही. बाकीच्यांसाठी घ्यायच्या वस्तूंची यादी घरीच ठेवा. आणि दशम्या बांधू देऊ नका. चटणीची पुडी तिने लपवून घेतलीच, तर दिसली नाही असे म्हणा. आमची तशीच परत आली.

एवढेही जमत नसेल तर निदान एक करा. आठवड्यातून एकदा तिला आधी बसवा आणि कोणीतरी तव्यापाशी बसून तिला गरम वाढा. आमच्याकडे गुरुवारी धाकटी सून वाढते, कधी धाकटाही बसतो. त्याची भाकरी अजून गोल येत नाही, पण फुगते.